अबू रीमा मत द्यायला जातात

सालमिया

नवा माणूस भेटला की त्याचं आडनाव आणि गाव काढून घेतल्याशिवाय आपल्या घशाखाली चहा उतरत नाही. या विद्येत माझा हातखंडा आहे. मी चिपळूणला हायस्कुलात गणित शिकवतो, पण खरा पारंगत आहे तो यात. एसटीत शेजारी बसलेल्याचं आडनाव, गाव, वाडी, मामेकुळी एवढं मी संगमेश्वर यायच्या आत काढतो आणि त्यावरून माणूस कुठल्या खणात ठेवायचा ते मनातल्या मनात ठरवूनही टाकतो. कुवेतला जाताना सुनंदाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, बॅगेतून माझी तीन पुस्तकं काढली आणि त्या जागी आमसुलं भरली. ही विद्या मात्र तिला काढता आली नाही. ती माझ्याबरोबर विमानात बसून आली.

आमची मुलगी मृण्मयी तिथल्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे आणि जावई कुवेत सिटीत एका कंपनीचे हिशेब पाहतात. सालमियात, समुद्राजवळच्या दाट इमारतींत, त्यांचा फ्लॅट आहे. समुद्र गॅलरीतून दिसतो, म्हणजे दोन इमारतींच्या फटीतून ओल्या टॉवेलाएवढा दिसतो. नात अन्वी चार वर्षांची. मी मराठीत बोलायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. "आजोबा, यू आस्क टू मेनी क्वेश्चन्स," असं ती मला दुसऱ्याच दिवशी म्हणाली. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

समोरच्या दारात एक लेबनॉनचे गृहस्थ आणि त्यांची मुलगी राहत होती. मुलगी रीमा मृण्मयीच्याच इस्पितळात एक्स-रे काढते. तिच्या वडिलांचं नाव नबील, वय सत्तरीला टेकलेलं. बांधकामांचे नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिकडे बाप्याला लेकराच्या नावाने ओळखतात, म्हणून सगळी इमारत त्यांना अबू रीमा म्हणायची, रीमाचे बाबा. मला 'अबू मृण्मयी' म्हणायचा प्रयत्न त्यांनी दोनदा केला, दोन्ही वेळा जीभ चावली आणि शेवटी मी मास्तर आहे हे कळल्यावर 'उस्ताज' म्हणून सुटका करून घेतली. इंग्रजी आणि साइटवरच्या मजुरांकडून उचललेलं हिंदी, अशा मिश्रणात आमचं बोलणं चालायचं. इथे मी ते मराठीत लिहितो आहे.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी आम्हाला बोलावलं. टेबलावर झातार लावलेल्या भाकऱ्या होत्या. तीळ आणि ओव्यासारखा वास असलेला पाला तेलात कालवून वर पसरलेला. सुनंदाने एक घास घेतला आणि "थालीपिठाला बाहेरून चटणी लावल्यासारखं आहे," असा निर्णय दिला. सगळं कसं छान चाललं होतं. मी कप उचलला आणि विचारलं, "आपलं आडनाव काय? आणि मूळ गाव कुठलं?"

रीमाचा हात बशीवर थांबला. अबू रीमांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं. मृण्मयीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, तो चांगला फिजिओथेरपीचा.

"उस्ताज," अबू रीमा शेवटी म्हणाले, "लेबनॉनहून आलोय. भाकरी घ्या अजून."

दार लागल्यावर मृण्मयीने मला फैलावर घेतलं. "बाबा, त्यांच्यात आडनाव आणि गाव विचारणं म्हणजे धर्म नि पंथ विचारणं. पंधरा वर्षं आपसात युद्ध झालंय तिथे!"

"अगं, मी सहज..."

"आपल्याकडे तरी सहज असतं का ते?"

गणिताच्या मास्तरला फळ्यापाशी बोलावून गणित चुकलं म्हणून दाखवावं, तसं झालं. सुनंदाने आमसुलं भिजत घातली आणि दुसऱ्या दिवशी सोलकढीचं पातेलं घेऊन एकटीच समोरच्या दारात गेली. कढी गुलाबी का, एवढंच त्यांनी विचारलं म्हणे, आणि दोनदा घेतली. मैत्री तिने केली. मी तिच्या मागून घरात शिरलो.

अहमदी

त्यांच्या देशाच्या संसदेची निवडणूक तोंडावर आली होती. परदेशातल्या लोकांना आपापल्या दूतावासात मत देता येतं, आणि आखातातलं मतदान येत्या शुक्रवारी होतं. रीमाने थंडीतच दोघांची नावं नोंदवली होती. ती पहिल्यांदाच मत देणार होती आणि इमारतीच्या लिफ्टमध्ये, बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, भाजी घेताना, जिथे भेटेल तिथे तेच बोलायची. अबू रीमांनी मात्र आयुष्यात कधी मत दिलं नव्हतं.

"कागद दिले मी तिला," ते म्हणायचे. "नोंदणी म्हणजे मत नव्हे."

"म्हणजे तुम्ही येणार नाही?" रीमा विचारायची.

"तू जा, हबीबती. मी तुझी गाडी धुऊन ठेवतो."

हे भांडण रोज व्हायचं, पण मुद्दा काय ते मला कळेना. मी स्वतः निवडणुकीच्या ड्युटीवर जाऊन जाऊन जुना झालो आहे. पावसाने गळणाऱ्या शाळेत मशीन छातीशी धरून झोपलेला माणूस मी. मत न देणाऱ्यांविषयी माझं पाठ केलेलं एक भाषण आहे. ते मी अबू रीमांना ऐकवणार होतो. सुनंदाने डोळ्यांनीच दटावलं म्हणून राहिलं.

बुधवारी त्यांनी आम्हा दोघांना अहमदीला नेलं. ते तेल कंपनीचं गाव आहे. वाळवंटातून तासभर येऊन एकाएकी झाडांच्या रांगा, बुटकी बैठी घरं, पुढे कुंपण, कुंपणावर बोगनवेल. सुनंदाला एकदम बरं वाटलं. "हे आपल्याकडच्या रेल्वे कॉलनीसारखं आहे," ती म्हणाली. अबू रीमांनी एका घरापुढे गाडी थांबवली. युद्धातून पळून आले तेव्हा एका ठेकेदाराकडे नकाशे काढायचं काम मिळालं आणि याच घराच्या मागच्या खोलीत ते दोन वर्षं राहिले.

"मग इथेही युद्ध आलं," ते म्हणाले. "मला शोधत कुवेतपर्यंत यावं एवढा मी मोठा माणूस नव्हतो. पण आलं."

आम्ही हसलो नाही. ते स्वतः थोडं हसले. सुनंदाने सहज विचारलं, "एकटेच आला होतात?"

पुढे ते बोलले ते सगळं तिच्याशी बोलले. मी मागच्या सीटवर होतो.

त्यांना एक धाकटा भाऊ होता, समीर. दोघं मिळूनच कुवेतला यायचे होते, तिकिटंही झाली होती. निघायच्या आधी समीर त्यांच्या आईसाठी औषध आणायला शहरात गेला. वाटेत एका गटाने तपासणीचा नाका लावला होता. तेव्हा तिथे प्रत्येक वळणावर कुणाचा ना कुणाचा नाका असायचा. गाडी थांबवायची, ओळखपत्र बघायचं. त्यावर धर्म लिहिलेला असायचा. ओळखपत्र नसेल तर विचारायचं.

"काय विचारायचं?" सुनंदा म्हणाली.

"नाव. गाव."

मी खिडकीबाहेर पाहत होतो. बोगनवेलीचा रंग मला आजही आठवतो.

"समीरने खरं सांगितलं," अबू रीमा म्हणाले. "तो खोटं बोलायला लागला की कान लाल व्हायचे त्याचे. त्याला जमायचंच नाही."

समीर परत आला नाही. प्रेत मिळालं नाही, कुणी काही सांगितलं नाही. आई मरेपर्यंत त्याच्या वाटचं ताट झाकून ठेवायची. त्या नाक्याचा म्होरक्या कोण, हे मात्र साऱ्या गावाला माहीत होतं. युद्ध संपलं तेव्हा सगळ्यांना माफी मिळाली. बंदुका ठेवून लोकांनी सूट शिवले. तो म्होरक्याही सूट शिवून उभा राहिला, निवडून आला आणि तेव्हापासून येतोच आहे. तिकडे मत जिथे पोट भरता त्या गावचं नसतं, वाडवडिलांच्या गावचं असतं. त्यामुळे अबू रीमा कुवेतला राहोत की चंद्रावर, त्यांचा मतदारसंघ तोच.

"मतपत्रिकेवर उमेदवारांचे फोटो छापतात," ते म्हणाले. "रीमा म्हणते, त्याच्या विरुद्ध खूण करा. ती बरोबर बोलते. पण त्याच्या विरुद्ध खूण करायला मला त्याच्या तोंडाकडे बघावं लागेल. रीमाला तो म्हणजे एक खराब पुढारी. मला तो..." त्यांनी गाडी सुरू केली. "उकडतंय. चला."

माझं भाषण मी तिथेच, अहमदीच्या रस्त्यावर टाकून दिलं.

शुक्रवार

शुक्रवारी सकाळी दार वाजलं. रीमा युनिफॉर्ममध्ये उभी होती, डोळे लाल. तिची दुपारपर्यंत ड्युटी होती. "उस्ताज, बाबा तयार होऊन बसलेत. मी काही बोलले नाही, त्यांचे तेच. पण एकटे पोचणार नाहीत, अर्ध्या वाटेतून परततील. तुम्ही जाल? मी सुटल्यावर तिथेच येते."

अबू रीमा इस्त्रीच्या शर्टात सोफ्यावर बसले होते, दंतवैद्याकडे बसतात तसे. सुनंदाने माझ्या पिशवीत ताकाची बाटली ठेवली आणि हळूच म्हणाली, "तोंड बंद ठेवा. नुसते बरोबर राहा."

दूतावासाबाहेर फूटपाथवर लांब रांग होती. सकाळचं ऊनही तव्यावरून आल्यासारखं. बायका कपडे करून आलेल्या, पोरं बापांच्या खांद्यावर, भाकऱ्यांचे डबे फिरत होते. आपल्याकडे मतदानाच्या रांगेत निदान एक तरी मोठ्याने भांडत असतो. इथे आवाज होता, पण जपून. बोलता बोलता शेजाऱ्याचा सूर ऐकून माणसं मधेच थबकायची आणि उन्हाबद्दल बोलू लागायची. मला त्या थबकण्याचा अर्थ आता कळत होता. रांगेत मी उभा राहणं बरं नव्हतं, म्हणून समोरच्या भिंतीच्या सावलीत जाऊन बसलो. पिशवी मांडीवर घेतली आणि पँट गार पडली. बाटलीचं झाकण सैल राहिलं होतं. हिंग-जिऱ्याच्या ताकात भिजलेला एक परदेशी माणूस दूतावासासमोर बसला आहे, हे पाहून पहारेकरी दोनदा माझ्यावरून चक्कर मारून गेला.

अबू रीमांच्या मागे एक म्हातारी होती, काळ्या पोशाखात, घडीचं स्टूल घेऊन आलेली. रांग दोन पावलं सरकली की स्टूल उचलायचं, पुन्हा बसायचं. बाहेर येणारी माणसं शाईत बुडवलेला अंगठा वर करून दाखवत होती. आपल्याकडे बोटावर रेघ असते, त्यांच्याकडे अख्खा अंगठा जांभळा. अबू रीमा प्रत्येक अंगठ्याकडे पाहत होते. दार चार-पाच माणसांवर आलं आणि ते रांगेतून बाहेर पडले.

सरळ माझ्याकडे आले. भिंतीला टेकले. तोंडावरून घाम वाहत होता.

"जमत नाही, उस्ताज."

मला पुष्कळ काही सुचलं. त्यातलं एकही त्या माणसाला सांगण्याजोगं नव्हतं. बाटलीत राहिलेलं ताक पुढे केलं. ते प्यायले.

"रीमाला काय सांगू?" ते म्हणाले.

"सांगू नका काही. मी आहे ना. दोघं मिळून गाडी धुऊ."

तेवढ्यात ती म्हातारी स्टूल घेऊन रस्ता ओलांडून आली. माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाली, "तुमच्या मित्राची जागा धरून ठेवायला मी मागच्या मंडळींना सांगितलंय. माझीही." स्टूल मांडलं, बसली, पदरासारखा स्कार्फ सारखा केला आणि अबू रीमांकडे मान वर करून एकच शब्द विचारला. "मीन?"

कोण? एवढं अरबी मला तोवर कळू लागलं होतं.

अबू रीमांनी तोंडावरचा घाम पुसला. मग म्हणाले, "अखी." माझा भाऊ.

तिने मान हलवली. "इब्नी," ती म्हणाली. माझा मुलगा.

गाव कुणी विचारलं नाही. थोड्या वेळाने ती पुन्हा इंग्रजीत बोलू लागली. मला उद्देशून बोलत होती, पण ते माझ्यासाठी नव्हतं, हे माझ्यासारख्यालाही कळलं.

"माझ्या कागदावरही एक जण आहे. दर वेळी असतो. माझ्या मुलाचं काय केलंस, हे विचारायला मी त्याच्या दाराशी गेले होते, तर त्याच्या माणसांनी आत सोडलं नाही. आता दर निवडणुकीला तो माझ्या हातात येतो. तो मला पाहू शकत नाही, मी त्याला पाहते. पोटभर पाहते. मग दुसरीकडे खूण करते." ती उठली. "तिथे पडदा असतो. आत रडलात तरी चालतं. कुणी घाई करत नाही."

तिने स्टूल मिटून अबू रीमांच्या हातात दिलं. जणू घरचाच माणूस. आणि मागे न बघता रस्ता ओलांडू लागली. स्टूल हातात असल्यावर माणूस काय करणार? अबू रीमा तिच्यामागून गेले.

दोघं दारातून आत गेली. मी भिंतीशी उभा. निवडणुकीच्या ड्युटीवर मी माणसं आत जाताना आणि बाहेर येताना इतकी पाहिली आहेत की त्यांचे चेहरे मला दिसेनासे झाले होते. पडद्यामागे कुणाला वेळ लागला की आम्ही मास्तर लोक एकमेकांकडे बघून हसायचो. "काय, कविता लिहितोय का काय!" असं म्हणायचो. त्या दिवशी आत खूप वेळ लागला. म्हातारी बाहेर आली, अंगठा जांभळा. तीही दाराकडे बघत थांबली. रीमा टॅक्सीतून उतरून धावत आली. "गेले?" मी दाराकडे बोट केलं. तिने माझी बाही धरली.

अबू रीमा बाहेर आले तेव्हा त्यांनी अंगठा वर केला नाही. हात शरीरापासून थोडा दूर धरून चालत होते, शर्टाला डाग लागू नये म्हणून. डोळे सुजले होते. स्टूल त्यांनी म्हातारीला परत केलं. तिने ते घेतलं, त्यांच्या खांद्यावर एकदा हात ठेवला आणि निघून गेली. रीमा वडिलांच्या गळ्यात पडली. शाई तिच्या पांढऱ्या युनिफॉर्मला पाठीवर लागली, ते तिला घरी गेल्यावर कळलं.

मग तीही आत जाऊन आली. परतताना गाडी तिने चालवली. अर्ध्या वाटेत अबू रीमा म्हणाले, "म्हातारा झालाय तो. केस पिकलेत. समीर माझ्या डोळ्यांपुढे अजून चोवीस वर्षांचा आहे, आणि तो म्हातारा झालाय."

रीमाने गाडी सिग्नलला थांबवली.

"ती बाई," ते पुढे म्हणाले, "कुठली, कुणातली, ते मला तिच्या पहिल्या शब्दातच कळलं, उस्ताज. तिलाही माझं कळलं. तिच्या मुलाला नेलं ते आमच्याकडच्यांनी."

"तिला माहीत होतं?"

"तिने माझी जागा धरली," ते म्हणाले. आणि खिडकीची काच खाली केली, एवढ्या उन्हात.

चिपळूण

निकाल लागला तेव्हा आम्ही परत आलो होतो. अंगणातले फणस उतरवायचे होते, शाळा सुरू व्हायची होती. परत आल्यावर मी एसटीत एकदा शेजाऱ्याला आडनाव विचारायला तोंड उघडलं आणि "उकडतंय फार" असं म्हणून मिटलं.

रीमाचा मेसेज मृण्मयीने पुढे पाठवला. बरीच नवी मंडळी निवडून आली होती, रीमा त्यांची नावं लिहीत सुटली होती. शेवटी एक ओळ होती. तो माणूसही निवडून आला. बाबांनी बातमी ऐकली, टीव्ही बंद केला आणि गाडी धुवायला खाली गेले.

मी पडवीत बसून ते सुनंदाला वाचून दाखवलं. मला फार लागलं. एवढ्या उन्हात, एवढ्या यातनेने त्या माणसाने मत दिलं, आणि शेवटी काय? लोकशाहीवर माझं दुसरं एक भाषण आहे, कडवट, ते मी सुरू केलं. काय उपयोग झाला, म्हटलं. हरलेच ना ते. पुन्हा तोच.

सुनंदा फणसाचे गरे काढत होती. हाताला तेल, सुरीला तेल. तिने मला बोलू दिलं. मग सुरी खाली ठेवली.

"हरले म्हणू नका हो," ती म्हणाली. "त्या माणसासमोर गेलेलं त्यांच्या घरचं माणूस या वेळी परत आलं."